चार मिनिटं पंधरा सेकंद: रॉब समर्सच्या मज्जारज्जूच्या दुखापतीचा प्रकरण अभ्यास

मणक्याची मोठी दुखापत झालेला तरुण पेशंट वॉर्डात आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रांग लागते. मित्र, काका, कॉलेजचे सर, शेजारचे. जाताना बहुतेक जण एकच वाक्य बोलून जातात: “जिद्द ठेव, नक्की चालशील.” फिजिओथेरपिस्ट म्हणून मी बाजूला उभी राहून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की त्यामागची माया मला कळते आणि त्याने होणारं नुकसानही दिसतं. वर्षभराने तोच मुलगा चालत नसतो आणि मनात धरून बसतो, की आपली जिद्दच कमी पडली.

या वाक्यात दोन गृहीतकं आहेत. बरं होणं जिद्दीवर अवलंबून असतं, हे पहिलं. बरं होणं म्हणजे चालणं, हे दुसरं. ही दोन्ही गृहीतकं ज्या एका प्रकरणात नीट तपासली गेली, ते अमेरिकेतल्या एका कॉलेज खेळाडूचं आहे. मुळात ते वेगळ्याच कारणासाठी गाजलं: मज्जारज्जूला विजेचे ठोके दिल्यावर पाय गेलेला हा खेळाडू उभा राहिला.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मे २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या शोधनिबंधात त्याचं नाव नाही. ‘२३ वर्षांचा पुरुष’ एवढाच उल्लेख आहे. नंतर तो स्वतःहून लोकांसमोर आला, मुलाखती दिल्या, म्हणून आपल्याला नाव ठाऊक आहे: रॉब समर्स.

अपघाताआधी आणि अपघात

समर्स ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघात पिचर होता. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर गोलंदाज. पण पिचरचं सगळं शरीर त्या एका फेकीसाठी घडवलेलं असतं. जोर पायातून निघतो, कमरेतून वर चढतो आणि शेवटी हातात येतो. जून २००६ मध्ये ओमाहा इथे नॉर्थ कॅरोलिनाला हरवून ओरेगन स्टेटने कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली. विद्यापीठाचं बेसबॉलमधलं ते पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद.

पुढच्याच महिन्यात, जुलै २००६ मध्ये, पोर्टलंड शहरात घरासमोर उभ्या केलेल्या आपल्या गाडीतून सामान काढत असताना दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. चालक थांबला नाही. समर्स तेव्हा विशीचा होता. दुखापत मैदानावर झालेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. खेळाडूंच्या मणक्याच्या दुखापतींची चर्चा नेहमी टॅकल, उडी, कोलांटी यांभोवती फिरते. तरुण माणसाचा कणा मात्र रस्त्यावरही तितक्याच सहज मोडतो.

मानेचा सातवा मणका आणि छातीचा पहिला मणका यांच्यामधला सांधा सरकला होता. मानेचा शेवट होऊन पाठ सुरू होते ती ही जागा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी हाताला जो उंचवटा लागतो, तो बहुधा हा सातवा मणका. मणका सरकला की आतला मज्जारज्जू चेंगरतो. इथे चेंगरला तर खांदे आणि हात बऱ्याच अंशी वाचतात. छातीखाली मात्र सगळं थांबतं.

तपासणीत निष्कर्ष असा निघाला: दुखापतीच्या खाली स्वतःच्या इच्छेने होणारी एकही हालचाल नाही, स्पर्शाची जाणीव मात्र थोडीफार शिल्लक. अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी आहे. ‘ए’ म्हणजे हालचाल नाही आणि गुदद्वाराभोवतीची जाणीवही नाही. ‘ई’ म्हणजे सगळं शाबूत. समर्स ‘बी’ श्रेणीत होता. हे एक अक्षर पुढे महत्त्वाचं ठरतं. थोडीशी का होईना जाणीव मेंदूपर्यंत पोचतेय, याचा अर्थ मज्जारज्जू सुरीने कापल्यासारखा तुटलेला नाही. काही धागे उरलेत. ते हालचालीच्या कामाचे आहेत की नाहीत, हे मात्र तपासणीत कळत नाही.

‘पूर्ण’ अर्धांग (इथे अर्धांग म्हणजे दुखापतीखालचा लकवा) हा आमच्या क्षेत्रातला फसवा शब्द आहे. खाटेशेजारी उभं राहून पेशंटला “अंगठा हलव” म्हटलं आणि तो हलला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत काहीच उरलं नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही.

नेमकं काय काय जातं

पाय जातात, हे सगळ्यांना दिसतं. इथे थोडं थांबायला हवं, कारण दिसत नाही तेच जास्त आहे.

रक्तवाहिन्या आवळणं, घाम आणणं, हृदयाचा वेग वाढवणं अशी कामं करणाऱ्या स्वयंचलित नसांचा मोठा गट मज्जारज्जूतून छातीच्या पहिल्या भागापासून कमरेच्या दुसऱ्या भागापर्यंत बाहेर पडतो. समर्सची दुखापत या गटाच्या अगदी दाराशी होती. अशा ठिकाणी मार बसला की मेंदू आणि हा सगळा गट यांच्यातला संवाद तुटतो किंवा फार क्षीण होतो. पेशंटला उठवून बसवलं की रक्त पायांत साचतं, रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हात बसला तर दुखापतीखाली घाम येत नाही, अंग तापत जातं. थंडीत उलटं होतं. मूत्राशय भरल्याचं कळत नाही. कळलं तरी स्वतःच्या इच्छेने रिकामं करता येत नाही, म्हणून दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. शौचाचंही वेळापत्रक बसवावं लागतं. लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. त्याबद्दल आपल्याकडे पेशंट विचारत नाही आणि डॉक्टरही बरेचदा सांगत नाहीत.

छातीच्या सहाव्या भागाच्या वर दुखापत असेल तर आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुडुंब भरलं, नळी अडली किंवा कपड्याची घडी कातडीत रुतली, तरी रक्तदाब अचानक भलताच चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. वेळेत कारण शोधून दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे ठाऊक हवं.

मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगणाऱ्या ६८१ जणांना ‘तुमच्या आयुष्यात सगळ्यात जास्त फरक कशाने पडेल’ असं विचारलेलं एक सर्वेक्षण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. किम अँडरसन या संशोधिकेने ते केलं होतं. चारही अवयव बाधित असलेल्यांनी सर्वांत वर ठेवलं ते हात आणि बोटांचं काम. फक्त पाय बाधित असलेल्यांनी लैंगिक क्षमता. मूत्राशय आणि आतड्यांवरचं नियंत्रण दोन्ही गटांसाठी मोलाचं होतं. चालणं दोन्हीकडे पहिलं आलं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. आज पेशंटच्या जागी स्वतःला ठेवून बघते तेव्हा दुसरं उत्तर सुचत नाही.

मांजरांनी शिकवलेलं

समर्सवर जे झालं त्याची मुळं शंभर वर्षं जुनी आहेत. १९११ मध्ये थॉमस ग्रॅहम ब्राउन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं, की मज्जारज्जू मेंदूपासून तोडलेल्या मांजराच्या मागच्या पायांचे स्नायू तरीही आळीपाळीने, तालात आकुंचन पावतात. म्हणजे चालण्याचा ताल मज्जारज्जूतच असतो. मेंदू ‘चल’ म्हणतो. कुठला स्नायू कधी आवळायचा, कधी सोडायचा, हा तपशील खालीच ठरतो.

पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रेगी एजर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अशाच मांजरांवर काम केलं. मज्जारज्जू तुटलेल्या मांजराला ट्रेडमिलवर रोज पावलं टाकायला लावली तर ते पावलं टाकायला शिकतं. फक्त उभं राहण्याचा सराव दिला तर उभं राहणं शिकतं, पण पावलं नीट टाकू शकत नाही. जो सराव, तेच कौशल्य. मेंदूशी संबंध तुटलेला मज्जारज्जू स्वतः शिकतो. फिजिओथेरपीच्या दृष्टीने याहून मोठा शोध मला तरी माहीत नाही.

एजर्टन यांच्याबरोबर काम केलेल्या सुझन हार्केमा यांनी १९९७ मध्ये माणसातही याचा माग दाखवला. तळव्यावर किती भार पडतोय हे माणसाचा मज्जारज्जू ‘वाचतो’ आणि त्याप्रमाणे स्नायूंना उत्तर देतो. हार्केमा पुढे केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठात आल्या आणि तिथल्या फ्रेझियर रिहॅब इन्स्टिट्यूटमध्ये समर्सवरचा अभ्यास उभा राहिला.

१७० सत्रं, बदल शून्य

प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. बातम्यांनी मात्र तो एका ओळीत उरकला.

मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारी टोकं, बसवण्याआधी समर्सने २६ महिन्यांत १७० प्रशिक्षण सत्रं केली. सत्र कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. कमरेला पट्टा, पट्ट्याला वरून दोर. त्या दोरावर शरीराचं काही वजन तोललेलं, खाली ट्रेडमिल. प्रत्येक पायाशी एकेक प्रशिक्षक बसलेला. एका हाताने गुडघा, दुसऱ्याने घोटा धरून तो पाय पुढे नेतो, टेकवतो, मागे सोडतो. मागे आणखी एक जण कंबर सांभाळतो. पेशंट समोर बघून ताठ राहण्याचा आणि हात झुलवण्याचा प्रयत्न करतो. हे मिनिटामागून मिनिटं चालतं आणि घाम पेशंटपेक्षा प्रशिक्षकांना जास्त येतो.

एवढं करून काय झालं? हालचालीच्या बाबतीत काहीच नाही. पायाच्या स्नायूंवर विद्युत नोंदी घेणारे सेन्सर लावून “हलव” म्हटलं, तरी स्नायू शांत.

संशोधकांना नेमकं हेच तपासायचं होतं. पुढे इलेक्ट्रोड बसवल्यावर काही सुधारणा दिसली असती तर कुणीही म्हटलं असतं, ‘हे व्यायामाने झालं, विजेने नाही.’ म्हणून आधी व्यायाम भरपूर करून घेतला आणि त्याने एकट्याने काही होत नाही हे नोंदवलं. समर्सच्या बाजूने बघितलं तर हे २६ महिने भयंकर आहेत. राष्ट्रीय विजेत्या संघातला मुलगा, सरावाची सवय हाडीमाशी मुरलेली, ती सगळी सवय पणाला लावतो आणि पायाचा अंगठा मिलिमीटरभरही हलत नाही.

जिद्द कमी होती, असं कुणी म्हणेल का?

डिसेंबर २००९

जोनाथन होड्स या न्यूरोसर्जनने समर्सच्या मज्जारज्जूवरच्या जाड आवरणावर, बाहेरच्या बाजूने, १६ इलेक्ट्रोडची एक पट्टी बसवली. विजेचे ठोके देणारं यंत्र त्वचेखाली. हे उपकरण काही या प्रयोगासाठी नव्याने बनवलेलं नव्हतं. जुनाट पाठदुखीसाठी तसलीच यंत्रं कित्येक वर्षं वापरात होती.

पट्टी कुठे बसवली, हे नीट समजून घ्यायला हवं. दुखापत मानेच्या तळाशी. पट्टी त्याच्या कितीतरी खाली, कमरेच्या पहिल्या भागापासून त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) पहिल्या भागापर्यंतच्या मज्जारज्जूवर. (मज्जारज्जू कण्यापेक्षा आखूड असतो, साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे पायांचा कारभार पाहणारे हे भाग प्रत्यक्षात छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या मागे असतात.) म्हणजे तुटलेल्या जागेवर पूल बांधला, असं हे नाही. जखम जिथे होती तिथे कुणी हातही लावला नाही.

मग वीज काय करते? ती पाय हलवत नाही. ठोक्यांची ताकद मुद्दाम एवढी ठेवतात, की खालचं जाळं जागं राहील पण नुसत्या विजेने पाऊल पडणार नाही. गाढ झोपलेल्या माणसाच्या कानाशी कुजबुजलात तर त्याला ऐकू येत नाही. अर्धवट जागा असेल तर तीच कुजबूज त्याला कळते. तळव्यावर भार पडला, सांधा वाकला, स्नायू ताणला गेला, ही पायाकडून येणारी कुजबूज. वीज मज्जारज्जूला अर्धवट जागं ठेवते, पुढचं काम या संदेशांवर होतं.

कुठला इलेक्ट्रोड धन, कुठला ऋण, कुठला बंद हे ठरवणं हे मोठं किचकट काम होतं. १६ इलेक्ट्रोड आणि प्रत्येकाला तीन पर्याय, म्हणजे चार कोटी तीस लाखांहून जास्त मांडण्या होतात. ठोक्यांचा वेग आणि जोर अजून धरलेलाच नाही. संशोधकांनी २९ प्रयोगांमध्ये निवडक मांडण्या तपासल्या. काही सत्रं २५० मिनिटांपर्यंत लांबली. उभं राहण्यासाठी एक मांडणी लागली, पावलांसाठी वेगळी. मांजरांनी सांगितलं होतंच.

आणि तो उभा राहिला. पायांवर शरीराचा पूर्ण भार घेऊन, मदत फक्त तोल सांभाळण्यापुरती. सलग ४.२५ मिनिटं, म्हणजे चार मिनिटं पंधरा सेकंद. पावलांसाठीची मांडणी लावून ट्रेडमिलवर पाय हलवले, तेव्हा स्नायूंच्या नोंदींत चालण्यासारखा आळीपाळीचा ताल दिसला. पण तो स्वतः चालला नाही. निबंध हे स्पष्ट सांगतो. काही बातम्यांच्या मथळ्यांनी मात्र त्याला चालवून टाकलं.

सातव्या महिन्यातला अंगठा

इथपर्यंतचं सगळं सिद्धान्ताला धरून होतं. उभं राहणं मज्जारज्जूच्या पातळीवर जमू शकतं, त्याला मेंदूची गरज नाही, हे आधीपासून मांडलेलं होतं. जे कुणाला अपेक्षित नव्हतं, ते पट्टी बसवल्यावर सात महिन्यांनी दिसलं. आडवा पडलेला असताना, सांगितल्यावर, समर्स पायाचा अंगठा, घोटा आणि पाय स्वतःच्या इच्छेने हलवू लागला.

हे मज्जारज्जूचं एकट्याचं काम नव्हतं. हुकूम कानाने ऐकायचा, मेंदूने समजून घ्यायचा, संदेश खाली पाठवायचा आणि तो त्या चेंगरलेल्या जागेतून पार व्हायचा. म्हणजे धागे होते. चार वर्षं होते. पण त्यांच्यातून येणारा संदेश इतका क्षीण होता, की खालचं झोपलेलं जाळं त्याला दाद देत नव्हतं.

ही हालचाल फक्त यंत्र चालू असताना होई. बंद केलं की तोच माणूस, तोच हुकूम, तेवढाच प्रयत्न आणि पाय जागच्या जागी. एकाच दिवशी एकाच खाटेवर, इच्छाशक्ती तीच ठेवून बाकी एकच गोष्ट बदलली आणि निकाल बदलला. जिद्दीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने प्रयोगाचा हा भाग वाचायला हवा. जिद्द निरुपयोगी होती, असं मी म्हणत नाही. तिच्याशिवाय १७० सत्रं झालीच नसती. पण संदेश वाहून नेणारा रस्ता नसेल तर जिद्द वरच्या वर राहते. रस्ता नसण्याचा दोष ज्याला इजा झाली त्याच्या माथी मारणं हे क्रूर आहे.

जे चार ओळींत उरकलं

निबंधात पुढे थोडक्यात येतं, की समर्सच्या मूत्राशयाच्या कामात, लैंगिक क्षमतेत आणि शरीराचं तापमान राखण्यात सुधारणा झाली.

बस. एवढंच. उभं राहण्याची छायाचित्रं जगभर गेली. मूत्राशयाचं छायाचित्र काढता येत नाही.

पण ज्याला दिवसातून पाच वेळा नळी घालावी लागते, त्याच्यासाठी लघवीवर आलेलं थोडं नियंत्रण म्हणजे कमी जंतुसंसर्ग, कमी तापाचे दिवस, प्रवासाची मुभा, मूत्रपिंडं सुरक्षित. घाम आला म्हणजे मेमधल्या दुपारी बाहेर पडता येईल. लुईव्हिलच्याच गटाने पुढे इतर सहभागींमध्ये रक्तदाब आणि मूत्राशय यांवर स्वतंत्र अभ्यास केले. रक्तदाब सतत खाली राहणाऱ्यांचा दाब या उत्तेजनाने सावरता येतो, असं दाखवलं. खुर्चीवर अंधारी न येता तासभर बसता येणं हे पेशंटला त्या चार मिनिटांच्या उभं राहण्यापेक्षा रोज कितीतरी जास्त उपयोगी पडतं. मला विचाराल तर या सगळ्या शोधाची खरी कमाई ही आहे.

एका माणसावरून काय शिकावं

समर्स एकटा होता. एका माणसावरून निष्कर्ष काढायला गेलं की घोटाळा होतो, आणि इथेही तो होऊ शकला असता. २०११ मध्ये कुणीही म्हणालं असतं: त्याच्यात जाणीव शिल्लक होती म्हणून जमलं आणि २६ महिने व्यायाम होता म्हणून जमलं.

२०१४ मध्ये त्याच गटाने ‘ब्रेन’ या नियतकालिकात चार जणांचा अभ्यास छापला. समर्स आणि आणखी तिघे. चौघांपैकी दोघांना दुखापतीखाली ना हालचाल होती ना जाणीव, म्हणजे श्रेणी ‘ए’. तरीही चौघेही यंत्र चालू असताना इच्छेने पाय हलवू शकले. नवे तिघे तर महिनोन्‌महिने वाट न पाहता, यंत्र सुरू झाल्यावर काही दिवसांतच. समर्सच्या बाबतीत सात महिने लागले की सात महिन्यांनी कुणी पहिल्यांदा तपासलं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

२०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लुईव्हिलचा पुढचा टप्पा आला. चार नवे सहभागी. चौघेही यंत्र चालू असताना स्वतःच्या बळावर उभे राहिले. त्यातले दोघे, दोघेही श्रेणी ‘बी’, यंत्र चालू असताना आधाराचं साधन धरून जमिनीवर चालले. एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सत्रं लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. तिसऱ्या एका सहभागीचं प्रशिक्षणादरम्यान खुब्याचं हाड मोडलं. हा तपशील बातम्यांत मला क्वचित दिसला. वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात. स्नायू आधी जागे होतात, हाड तयार नसतं. यूट्यूबवर व्हिडिओ बघून मुलाला दोन्ही बगलांत धरून जबरदस्तीने उभं करणारे वडील मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाने आणखी एक कोडं सोडवलं. माणसाला इतकी सत्रं का लागतात? त्यांनी दाखवलं, की सतत चालू ठेवलेली वीज माणसात पायाकडून वर येणाऱ्या संदेशांनाच अडवते. आपला पाय कुठे आहे, याची उरलीसुरली जाणीवही पुसट होते. त्यामुळे त्यांनी वीज सलग न देता पावलाच्या लयीत, ज्या क्षणी जो स्नायू हवा त्याच जागी, थोडा थोडा वेळ दिली. त्यांचे सहभागी बरेच लवकर पावलं टाकू लागले.

आपल्याकडे, आज

समर्सने पुढे व्हीलचेअर सोडली का? नाही. यंत्र चालू असताना उभं राहणं, हालचाल, शरीराच्या आतल्या कामांतली सुधारणा, एवढी ही गोष्ट आहे. ती लहान नाही. पण चमत्कार म्हणून ती विकली जाते तेव्हा वाईट वाटतं. पाठीत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया भारतात दुखण्यासाठी होते आणि ती महाग आहे. अर्धांगासाठी ती नेहमीचा उपचार म्हणून स्थिरावलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कातडीवरून, शस्त्रक्रियेशिवाय वीज देणाऱ्या एका उपकरणाला मान्यता दिली, तीही मानेच्या अपूर्ण दुखापतीत हातांची ताकद आणि जाणीव सुधारण्यासाठी. पाय नव्हे, हात. सर्वेक्षणात लोकांनी हेच मागितलं होतं. कुणी ‘स्टेम सेल आणि करंट लावून चालवतो’ म्हणत दहा-पंधरा लाख मागत असेल, तर तो तुम्हाला समर्सचं प्रकरण सांगत नाहीये.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी समर्सबद्दल सांगते, पण पहिल्या आठवड्यात नाही. पहिल्या आठवड्यात वही आणायला लावते. त्यात नळीच्या वेळा लिहायच्या. प्यायलेलं पाणी आणि निघालेली लघवी लिहायची. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे, टाचा आरशात बघायच्या आणि लाल डाग दिसला तर तारीख टाकायची. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर ताबडतोब उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी अडली आहे का ते आधी बघायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. खुर्चीत बसवलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी बूड उचलायचं. आणि भेटायला आलेला मित्र “जिद्द ठेव” म्हणाला, की मी त्याला खाटेपाशी बोलावते, हात कुठे लावायचा ते दाखवते आणि मित्राची कूस बदलायला शिकवते. दर दोन तासांनी बदलायची असते, रात्रीसुद्धा, आणि आई एकटी किती रात्री उठणार?